रानातला समुद्राचा गोटा

माझं माहेर चौलचं, नारळी-पोफळीच्या वाडीतलं. तिथं पायाखाली वाळू. तीस सालच्या आगेमागे लग्न होऊन माणगावच्या अंगाला आले, तेव्हा जिकडेतिकडे दगडच पाहून मी हिरमुसले. सासरी मनातलं बोलायला माणूस एकच, आमच्याच घरी राहणारी माझ्या नवऱ्याची विधवा आत्या. बाकीच्यांना माझं बोलणं गाणं म्हटल्यासारखं वाटे आणि मला त्यांचं भांडल्यासारखं.

माघात राबासाठी पाला आणायला आम्ही दोघी रानात जात असू. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते, तो राब. त्यासाठी भारेच्या भारे पाला लागतो, आणि ते भारे सुनांच्याच डोक्यावर चढतात. मला मात्र त्या भाऱ्यांपेक्षा रानातल्या दगडांच्या ढिगांचं वेड लागलं. कुठे ऐनाच्या बुंध्याशी, कुठे वेलींखाली दडलेले. एखादा गुडघ्याएवढा, एखादा पुरुषभर उंच. मी आडवाटेला घुसून नवा ढीग शोधून काढी आणि आत्याबाई कपाळाला हात लावून मागून येत. त्यांना प्रत्येकाची कुळकथा ठाऊक. हा उन्हानं कोसळलेल्या कासाराचा, तो वाघानं नेलेल्या गुराख्याचा. येणाऱ्याजाणाऱ्यानं गेलेल्याच्या नावानं एक दगड ठेवायचा, अशी रीत. एका ढिगाचा धनी कोण, ते मात्र गावात कुणालाच माहीत नव्हतं. “त्याला दोन ठेव गो,” आत्याबाई म्हणायच्या, “त्याला इचारनारा कुनी न्हाय.”

खिंडीजवळच्या ढिगाबद्दल त्या काही सांगत नसत. दगड ठेवत आणि तरातरा पुढे जात. मीही कधी विचारलं नाही. इतर बाबतींत मी अर्धवटच होते, पण आपल्या माणसानं कुठे गप्प राहावं एवढं मला समजत होतं.

एके दिवशी त्यांना ताप होता, म्हणून मी शेजारणींबरोबर गेले. खिंडीतला तो ढीग पहिल्यांदाच सावकाश बघायला मिळाला. सगळ्या खडबडीत काळ्या दगडांत एक गुळगुळीत, लांबट गोटा होता. हातात घेतला आणि मला रडूच आलं. असा दगड डोंगरात होत नाही. तो लाटांनी घोळलेला, माझ्या माहेरच्या किनाऱ्यावर असतात तसा. मी तो ओटीत घालून घरी आणला. आमचा वरवंटा झिजून वाकडा झालाच होता. त्या गोट्यानं मी लसणीची चटणी वाटली. तापानं तोंड कडू झालेल्या आत्याबाईंनी ती दोनदा मागून घेतली, आणि मी दिवसभर तोऱ्यात वावरले.

ढिगावर दगड ठेवायचा, हे त्यांनी मला सांगितलं होतं. उचलायचा नाही, हे सांगितलं नव्हतं. असं कुणी करील हे त्या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

चार दिवसांनी त्या माझ्याबरोबर निघाल्या. खिंडीत दगड ठेवायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. मग खाली बसून एकेक दगड बाजूला सारू लागल्या. नखं फुटली तरी थांबेनात.

“काय शोधता, आत्याबाई?” मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

“आमच्या मानसाचा दगड.”

त्यांचा नवरा कापणी उरकली की बंदरावर जाई, मचव्यावर कामाला. या खिंडीपर्यंत त्या त्याला पोचवायला येत. एका साली मचवा बुडाला. “आठ दिस किनाऱ्यावर बसले,” त्या म्हणाल्या. “काय बी लागलं न्हाय. येताना त्यो गोटा उचलला आनि हितं ठेवला. माती द्यायला कायतरी पायजे ना?”

खोटं बोलणं सोपं होतं. माकडांनी नेला असेल म्हटलं असतं, तर त्यांनी मानलंही असतं आणि जन्मभर ते दगड उपसत बसल्या असत्या. मी त्यांचे पाय धरले. “मी नेला. चटणी वाटते त्यानं.”

त्या बघतच राहिल्या. त्यांनी मला मारलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

“मी खाल्ली ती?”

“हो.”

“आत्ता जाऊन परत आणते,” असं म्हणून मी उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“नको गो. बावीस वर्सं मी त्याला भायेर ठेवला. तू घरात नेलास. ऱ्हाऊ दे आता घरात.”

पाला न घेताच आम्ही परत आलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्या थांबल्या. नवरा घरात असलेली बाई करते तसा त्यांनी पदर डोक्यावरून सारखा केला आणि मग आत गेल्या.