जवळून दिसणारा लेक

इस्लामपुरातल्या माझ्या दुकानात एक मावशी मॉनिटर घ्यायला आल्या. फौजेतला लेक व्हिडिओ कॉलवर मोठा दिसावा, एवढीच हौस. मी त्यांच्या मोबाइलमधला त्याचा फोटो सगळ्यात मोठ्या पडद्यावर लावला. मावशी जवळ गेल्या, तर चेहऱ्याचे ठिपके झाले.

मी म्हणालो, “ठिपके तेवढेच असतात. पडदा मोठा झाला की रुंद सरीतल्या उसासारखे विरळ पडतात. जरा मागं सरा, नीट दिसेल.”

त्या सरल्या. “व्हय, लय झ्याक दिसतोय. पर एवढ्या लांबनं त्याची अलाबला कशी घिऊ, दादा?”

मी लहान, दाट ठिपक्यांचा मॉनिटर जोडला. मावशींनी पदराला हात पुसले, लेकाच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

गिऱ्हाइकाला देताना मी काच पुसूनच देतो. ती मात्र तशीच खोक्यात भरली.