मावशीची जागा बळकावताना

बारा वर्षं मी एका बाईची जागा बळकावत होतो आणि तिला ते कळू दिलं नाही, ही माझी चूक.

दांडीच्या त्या कोळणीला सारं गाव मावशी म्हणे, आणि तिच्याशी न भांडलेला माणूस त्या किनाऱ्यावर औषधालाही सापडला नसता. बोईसरच्या बाजारात ती पाटी टेकवायची तीच भांडणाच्या तयारीने. तिला बघून एसटीचा कंडक्टर आपणहून सुटे काढायला लागे. भरती लवकर आली म्हणून तिने समुद्राला फैलावर घेतलेलं मी ऐकलंय, आणि खरं सांगतो, पाणी जरा मागे सरलं. माझ्याशी मात्र ती कधी भांडली नाही, आणि मला तर तिचं भांडणच हवं होतं.

ऐंशी सालच्या सुमारास साताऱ्याकडून मी इथल्या कारखान्यात आलो आणि दांडीत लहानसं घर घेतलं. घरामागे मावशीची जमिनीची पट्टी रिकामी पडली होती. तिथे मी शेवगा लावला. शेवगा वाढला, तशी माझी हावही वाढली. पालघरच्या एका वकिलांना गाठलं. ते म्हणाले, "बारा वर्षं सलग ताबा ठेवा, जागा तुमची म्हणता येईल. पण उघड, मालकिणीच्या नाकावर टिच्चून. ती नुसतं 'वापर' म्हणाली तरी सगळं मुसळ केरात."

मी पट्टीला तारेचं कुंपण घातलं आणि भांडणाची वाट बघत ओट्यावर बसलो. मावशी आली, तार ओढून बघितली, "बरी ताणलीस रे" म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत कुंपणभर बोंबील वाळत घातले. मग मी फाटक बसवून कुलूप ठोकलं. "बरं केलंस, कुत्री शिरत व्हती," म्हणत तिने दुसरी चावी मागितली. द्यायला नको होती. पण तिने ओंजळभर सुके बोंबील माझ्या हातात ठेवले होते आणि आत बायकोने कांदा चिरायला घेतला होता.

बारावं वर्ष सरलं तसा धीर करून तिच्या घरी गेलो. वाटेत वाक्य घोकलं होतं, ते म्हणून टाकलं. "मावशी, ती पट्टी आता माझी. इतकी वर्षं मी तिथे तुमच्या विरोधात आहे."

"विरोधात? मग मला कसं नाय समजलं?"

"मी बोललो नव्हतो."

तिने चहाचा कप पुढे सरकवला. "वापर की. मी कदी नाय म्हनलं?"

माझी बारा वर्षं त्या चहात साखरेसारखी विरघळली.

आता मावशी नाही. पट्टी तिच्या लेकीची आहे, शेवगा अजून धरतो, शेंगा आम्ही दोन्ही घरं खातो. कुंपणाची तार गंजलीय. बोंबलांचा वास गेला, तेव्हापासून मागचं दार उघडलं की उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी निघताना मी तिला विचारलं होतं, "मावशी, साऱ्या गावाशी भांडता, माझ्याशीच का नाही?"

तिने दाराकडे बोट केलं. "भांडायला आलास, आन् चपला बाहेर काढून आलास. तुझ्याशी काय भांडायचं?"