कानफाट्याचं पाऊल

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर प्राण्यांची खोली होती आणि त्या खोलीचं सगळं ताईंच्या हाती होतं. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, बाटल्या भरणं ही कामं कुणीही केली असती. पण पाठीच्या कण्याला इजा झालेल्या उंदरांना लघवी आपली आपण होत नाही; सकाळ-संध्याकाळ ओटीपोट हलकेच दाबून ती काढावी लागते. जोर जास्त झाला तर जिवावर बेततं, कमी पडला तर आत साचून ताप येतो. ताईंचा हात त्यावर बसलेला होता, कारण घरी धाकटा भाऊ होता. तो घरं रंगवायचा. एकदा शिडीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. आता चाकाच्या खुर्चीत बसून लोकांचे पंखे नि इस्त्र्या दुरुस्त करायचा आणि म्हणायचा, दोन्हीकडे तुझं काम तेच, पण पगार देतात ते उंदीरच.

त्या वर्षी संस्थेतल्या शास्त्रज्ञ मॅडमनी नवा प्रयोग हाती घेतला. बायकांच्या शरीरात असतं ते हार्मोन इजेनंतर लगेच टोचलं तर कण्याचं नुकसान आवरतं का, हे पाहायचं होतं. निम्म्या उंदरांना हार्मोन, निम्म्यांना नुसतं तेल. कुणाला काय, हे ताईंनाच काय, मोजमाप घेणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असलं की डोळ्यांना हवं तेच दिसतं, असं मॅडम म्हणायच्या.

त्यातल्या एकाचा कान फाटलेला होता. ताईंनी त्याला कानफाट्या म्हटलं आणि एकदा पडलेलं ते नाव मग सगळ्यांच्या तोंडी बसलं. इतर मागचं धड फरपटत फिरायचे, तसाच हाही. पण एका सकाळी त्याचा मागचा पंजा सपाट टेकला, थरथरला आणि अंगाचा भार पेलून पुढे पडला. ताई हातातला झाडू तसाच धरून बघत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी ते घरी सांगितलं. भाऊ हातातला पाना बाजूला ठेवून ऐकत होता. मग म्हणाला, "ते औषध माणसाला चालतं का गं?"

ताईंना रात्रभर नीट झोप लागली नाही. औषधाच्या फ्रिजची किल्ली त्यांच्याच कमरेला असायची. सकाळी फ्रिजसमोर त्या जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या, आणि मग किल्ली न लावता सरळ मॅडमच्या खोलीत गेल्या.

मॅडमनी त्यांना बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. इजा झाल्यावर पहिले काही तास आत सूज वाढत जाते, वाचू शकतील अशा पेशीही मरतात. औषधाचा जोर त्यांना वाचवण्यापुरता.

"आग लागलेली असताना पाणी मारता येतं, ताई. राख झाल्यावर नाही. तुमच्या भावाला इजा होऊन वर्षं झाली."

हे घरी कसं सांगायचं, ते ताईंना सुचेना. त्या दोन दिवस उगाच भांडी घासत राहिल्या. शेवटी भाऊच म्हणाला, "तुझा चेहरा सांगतोय. नाही ना?"

"नाही."

"बरं झालं. बायकांचं औषध घेऊन माझी मिशी गेली असती." तो हसला, पण डोळे खिडकीकडे होते. जरा वेळाने त्याने विचारलं, "आणि तुझ्या कानफाट्याचं पुढे काय?"

ताईंनी खरं तेच सांगितलं. त्याला भूल देऊन कायमचं झोपवणार. कणा कापून पाहिल्याशिवाय आत काय भरून आलं ते कळत नाही.

"चालायला लागला म्हणून मारायचं?" भाऊ असा चिडला की त्या दिवशी त्याने पंख्याला हात लावला नाही.

झोपवायच्या दिवशी ताईंनी कानफाट्याला स्वतः हातात धरलं. तो सैल पडेपर्यंत त्याची पाठ गोंजारत राहिल्या.

महिनाभराने कुणाला काय टोचलं होतं ते उघड झालं. हार्मोन मिळालेले उंदीर गट म्हणून खरंच जास्त सावरले होते. कानफाट्या मात्र त्यांच्यातला नव्हता, तो तेलवाला होता. काही जण आपल्याच बळावर थोडे सावरतात, मॅडम म्हणाल्या. म्हणून तर एकट्यादुकट्यावर भरवसा ठेवायचा नसतो.

ताईंनी हे घरी भावाला सांगितलं.

"म्हणजे त्याला कुणी काहीच दिलं नव्हतं?"

"काहीच नाही."

"आणि ज्यांना औषध दिलं, ते एकंदरीत तेलवाल्यांपेक्षा जास्त सावरले."

"हो."

"मग पुढे जो शिडीवरून पडेल, त्याचं काहीतरी होईल कदाचित," तो म्हणाला, आणि कुणाची तरी बिघडलेली इस्त्री पुढ्यात ओढून तिचे स्क्रू काढू लागला.