चारचं पत्र

यंत्राने माणसाच्या डोक्यावरचा काळजीचा भार उतरवला आहे, यात शंका नाही. वाशीमच्या कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारे एक गृहस्थ मात्र रोज पावणेचारला खुर्चीतून उठून उभे राहतात. हौशी मंडळी एकमेकांना पत्रं धाडतात अशा एका जुन्या वळणाच्या संगणकी सूचनाफलकाचे ते सभासद. ठरल्या वेळी पत्रं आपोआप पाठवणारा प्रोग्राम त्यांनी अकोल्याच्या मित्राकडेही बसवून दिला आहे. मित्राची बायपास झालेली. त्याला टाइप करायचा कंटाळा, म्हणून 'मी बरा आहे' एवढंच पत्र रोज चारला निघेल, अशी सोयही यांनीच केली.

ते पत्र येईपर्यंत हे गृहस्थ कागद उलटे लावतात, चष्मा पुसतात, लाइट जाईल या धास्तीने पंख्याकडे बघत राहतात.

"काका, सरळ फोन लावा ना त्याले," झेरॉक्सच्या रांगेत माझ्यामागे उभा असलेला वकील एकदा वैतागला.

"फोनवर तो खोटं बोलते," ते म्हणाले. "मशीन नाई बोलत."

मी हसणार होतो, पण ते पुन्हा पंख्याकडे बघायला लागले होते.

परवा तो मित्र स्वतःच वाशीमला आला. दुकानातल्या स्टुलावर बसून भजी खात होता. चार वाजले, त्याचं पत्र आलं, आणि तेव्हा कुठे काका खाली बसले.