घरचा गहू सोडल्यावर

आमच्या घरात एक नियम आहे. मोठ्यांनी ताटात वाढलेलं खायचं, का म्हणून विचारायचं नाही. मी विचारलं. तेव्हापासून घरात रोज काहीतरी घडतं आणि मैत्रिणींना सांगायला माझ्याकडे विषयांची कमी नसते. म्हटलं, आता लिहूनच काढावं!

मी सारंगखेड्याजवळची. बीएससी झाले, शहाद्याला क्लासमध्ये शिकवते. वर्षभर पोट फुगायचं, केस गळायचे, रक्त वाढायचं नाव घेईना. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, "सीलियाक आहे, गहू आतड्यांना सोसत नाही. गहू आयुष्यभर बंद. कणभरसुद्धा नाही." नेमकं त्याच वेळी घरी माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालेलं.

मी घरी येऊन सांगितलं. आबा, म्हणजे माझे मोठे काका, शांतपणे म्हणाले, "त्या डॉक्टरले सांग, आपला घरना गहू शे, इकतना नही!"

*

गहू सोडला की दुसऱ्या दिवशी टवटवीत होईन, असं मला वाटलं होतं. कसलं काय! डोकं ठणकायचं, हातपाय गळायचे, क्लासमध्ये फळा धरून उभी राहायचे. त्यात भीतीपोटी नुसता भात आणि साबुदाणा खात होते, त्यामुळे पोटही गच्च!

आमच्याच घरी राहणाऱ्या आत्याला तर निमित्तच हवं होतं. "दख, गहू सोडा आनि पोर आजारी पडनी!"

तिने मीठ-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "शरीराला थोडा वेळ द्या. पाणी प्या, डाळी खा, भाज्या खा, भाकरी खा."

आत्याने विचारलं, "काय म्हने?"

"भाज्या खा म्हणाले."

"मंग! दृष्ट काढी म्हनीसन सुचनं त्याले!"

*

एकदा विसरवाडीला बस बदलायची होती. भूक लागलेली. हॉटेलात स्पष्ट विचारलं, "दादा, गव्हाचं नसलेलं काय आहे?"

"भरपूर आहे ना ताई!" म्हणत त्याने समोसा ठेवला.

"अहो, हे गव्हाचंच ना?"

तो दुखावलाच. "नाही ताई, आम्ही गहू वापरतच नाही. प्युअर मैदा!"

*

हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. मी डबी उचलून बाहेर ठेवली. आई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आता पाण्याच्या हंड्यावर काय लिहिलंय तेही वाचून घे!"

*

भाकरी, भाजी, डाळ, बिनहिंगाची फोडणी. सगळं पाळूनही पोट फुगायचंच. मला रडू यायचं. आपणच कुठे चुकतोय, या विचाराने डोकं भणभणायचं. शेवटी एक दिवस मीच दळणाचा डबा उघडला. दादर, म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, पांढरीशुभ्र. तिच्यात सोनेरी दाणे चमकत होते.

"आत्या, हे काय?"

"मूठभर तं टाकस मी," आत्या म्हणाली. "नुसती दादरनी भाकर फाटस. आनि तू कितली सुकी गयी बेटा! ताकद नको का?"

मी इतकी ओरडले की शेजारचे दारात आले. आत्या शेजाऱ्यांना म्हणाली, "दखा, आते आवाजमा ताकद वनी!"

त्या दिवसापासून माझं दळण मीच निवडते, वेगळ्या डब्यात ठेवते आणि घरच्या जात्यावर दळते. महिन्याभरात पोट शांत झालं. मी मात्र नाही.

*

मग मला बघायला धुळ्याकडचे पाहुणे आले. आदल्या दिवशी आबांनी मला बोलावून सांगितलं, "पाव्हनास्ना समोर आजारनं नाव काढानं नही. एक घास खाईसनी कोनी मरत नही."

आत्याने अंगणात चूल मांडली आणि मातीच्या खापरावर पुरणाच्या मोठाल्या पोळ्या भाजायला घेतल्या. मुलाच्या आईने मला प्रेमाने जवळ बसवलं, पोळीचा तुकडा दुधात बुडवला आणि माझ्या तोंडाजवळ आणला. "ले बेटा, तोंड गोड कर."

आबांनी डोळे वटारले. माझ्या आईने मान खाली घातली.

मी मुलाच्या आईचा हात हळूच खाली केला. "काकू, मला गहू चालत नाही. आज नाही, उद्या नाही, तुमच्या घरी आले तरी नाही. हा आजार आहे आणि तो जन्मभर राहणार आहे. आबांनी मला लपवायला सांगितलंय. मी लपवणार नाही."

काकूंचा हात दुधाच्या वाटीवर तसाच होता. अंगणात खापरावरची पोळी करपायला लागली. सगळ्यांना वास येत होता. उलटायला कुणी हललं नाही, आत्याही नाही.