कूलरच्या स्टँडवरचा लॅपटॉप

मलकापुरात लॅपटॉप मंद झाला की बहुतेक दुकानांत एकच औषध मिळतं, फॉरमॅट मारा. ताप असो की खरूज, गोळी तीच. स्टेशनजवळच्या दुकानातला अकील मात्र आधी विचारतो, "याच्यात काय हाय?" उत्तर मिळेपर्यंत तो स्क्रूड्रायव्हरला हात लावत नाही. गिऱ्हाईक वैतागतं, अकील ढिम्म. अकरा वर्षांपूर्वी त्यानं एका शिक्षकाचा लॅपटॉप न विचारता फॉरमॅट केला होता. त्यांच्या वारलेल्या भावाचे सगळे फोटो त्यात होते. शिक्षक भांडले नाहीत, नुसते दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. अकील अजून त्या पायरीवर पाय ठेवत नाही, ओलांडून आत येतो.

मे महिन्यातल्या एका दुपारी वरवट बकाल गावचे उत्तमराव आले. पोस्टातून निवृत्त झालेले, काखेत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप.

"सुरू व्हाले अर्धा तास लागते, भाऊ. काही उघडाले गेलं का नुसतं फिरतच राह्यते."

"याच्यात काय हाय, काका?"

उत्तमराव घुटमळले. "महामाया हाय."

महामाया त्यांची बायको, मागच्या थंडीत गेली. जन्मभर अंगठा लावला आणि साठाव्या वर्षी म्हणाली, मले वाचाले शिकवा. रोज संध्याकाळी ती पेपर वाचायची आणि उत्तमराव तिचा आवाज लॅपटॉपवर भरून ठेवायचे. दोन वर्षांचं वाचन या एकाच डिस्कवर होतं, दुसरीकडे कुठंच नाही.

अकीलनं पाहिलं, काहीही न उघडता डिस्कचा वापर शंभर टक्क्यांवर अडकलेला. आत तबकडी फिरणारी जुनी डिस्क, तिचे कितीतरी भाग वाचलेच जात नव्हते.

"घरी ठेवता कुठं?"

"कूलरच्या लोखंडी स्टँडवर, पंख्याजवळ. गरम नको व्हाले. तिची चीज हाय, जपतो."

अकीलला खोटं बोलता आलं असतं. "काका, कूलरसंगं स्टँड थरथरते. अशी डिस्क थरथर सोसत नाही," तो हळूच म्हणाला.

उत्तमरावांनी टॉवेल मुठीत धरला. "म्हणजे मीच?"

जपता जपताच माणसानं घात केला होता. "आता दुरुस्ती करत नाही," अकील म्हणाला. "आधी आवाज बाहेर काढतो. जोर केला तर हाय तेही जाईन."

त्यानं डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि फक्त महामायाचा फोल्डर उतरवायला घेतला. उत्तमराव बाहेर जाऊन त्याच पायरीवर बसले. अकीलनं एकदा तिकडे पाहिलं, पुन्हा पाहायची त्याची छाती झाली नाही.

पाचच्या सुमारास डिस्क खटखटली आणि कायमची गप्प झाली. बरंच उतरलं होतं, काही राहिलं होतं. उत्तमरावांना आत बोलावून त्यानं पहिली फाइल लावली.

"बुल... डाणा... जि..."

आवाज थांबला. पुढे काहीच नाही. अकीलला वाटलं, उतरलेलंही खराबच निघालं. तो बंद करायला गेला, तर उत्तमरावांनी त्याचा हात धरला.

"थांबा भाऊ. ते बरोबर हाय. अवघड शब्द आला का ती अशीच थांबे."

दोघं थांबले. बाहेर मालगाडी निघून गेली.

"जिल्ह्यात," महामाया म्हणाली.