दोन विटा खाली

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. बाबा फाउंड्रीत कामाला जायचे आणि घरी आले की संघटनेची पत्रकं लिहायला बसायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. ‘घर हा हक्क आहे’ हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. घर मात्र नव्हतं.

कोल्हापुरात आम्ही पाच खोल्या बदलल्या. आम्ही बौद्ध. मालक आधी आडनाव विचारायचे, मग खोलीचं बोलायचे. शेवटच्या मालकाला आडनावाचा अर्थ जरा उशिरा कळला. “भाऊ येणार हाय, खोली मोकळी करा,” म्हणाला. भाऊ कधी आलाच नाही. आम्ही निघाल्यावर त्या खोलीला कितीतरी दिवस कुलूप होतं.

आई उंचीनं फारच कमी. कुठल्याच खोलीतला स्वयंपाकाचा कट्टा तिच्या मापाचा नसायचा, म्हणून ती पाटावर उभी राहून भाकऱ्या थापायची. “माझ्या मापाचा कट्टा, आणि ऊठ म्हणणारा कुणी न्हाय असं घर,” एवढंच तिचं मागणं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कागल एमआयडीसीतल्या आणि शहरातल्या चोवीस कामगार कुटुंबांनी मिळून संस्था काढली. जमीन संस्थेच्या नावानं दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, कर्जही संस्थेचंच. भाडं फक्त कर्ज फिटेल आणि दुरुस्ती होईल एवढं. नफा कुणालाच नाही. घर विकता येणार नाही, आणि राहणाऱ्याला कुणी हुसकावूही शकणार नाही. नातेवाईक हसायचे. “मालक न्हाय ते कसलं घर?”

“मालक न्हाय म्हणूनच घर,” बाबा म्हणायचे.

सुट्टीच्या दिवशी सगळे बांधकामावर. गवंडी दोनच, विटा, वाळू, पाणी आमच्या डोक्यावर. नियमांचं पत्रक मी लिहिलं होतं. अकरावीत होते. माझा लाडका नियम असा: कुठलं घर कुणाचं हे बांधून होईपर्यंत कुणाला कळणार नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या आणि निघालेलं घर बदलायचं नाही. म्हणजे प्रत्येक भिंत आपलीच समजून उभी राहील, आणि जातीजातीच्या गल्ल्या पडणार नाहीत.

कट्टे बांधायचं काम बायकांनी मागून घेतलं. सगळे एकाच उंचीचे, असं ठरलं होतं. एक दिवस मी सात नंबरच्या घरात भिंतींना पाणी मारायला गेले, तर आई कट्ट्यापाशी ऐटीत उभी. पायाखाली पाट नव्हता. कट्टा दोन विटा खाली होता.

“हेच घर तुला मिळंल कशावरनं?”

“मिळंल की.”

“आणि न्हाय मिळालं तर?”

“तू जा, पत्रक लिही.”

नियम माझा आणि मोडणारी माझी आई. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही. कुणाला सांगितलं मात्र नाही, आणि सोडतीच्या दिवशी तत्त्व गुंडाळून ठेवून मनात साताचाच जप चालला होता.

थोरल्या गवंड्यानं चिठ्ठ्यांच्या कळशीत हात घातला. सात नंबर निघाला राधानगरीकडच्या आक्कांना. शेतकरी घरातल्या, चोवीस कुटुंबांत सगळ्यात उंच बाई. आम्हाला बारा.

आई तडक बारा नंबरात गेली. तिथला कट्टा तिच्या छातीला लागत होता. ती त्याच्याकडे बघतेय तोवर सातातून आक्कांचा आवाज आला, “ह्यो कट्टा कुण्या बुटकीनं बांधलाय?”

आई तरातरा बाहेर आली. “मी. आणि बारातला मनोरा कुणी उभा केलाय?”

आक्का दारातच थबकल्या. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बारा नंबरावर त्यांचा जीव जडला होता. तिथं त्यांनी दोन विटा वर चढवल्या होत्या.

गवंडी म्हणाला, “दोन्ही पाडून नीट करतो.” दोघीही त्याच्या अंगावर गेल्या. स्वतःच्या हातानं बांधलेलं पाडायचं नव्हतं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पत्रक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, “निघालेलं घर बदलायचं नाही.” वाचताना आईकडे बघितलं नाही.

“कट्ट्याचं काय लिवलंय?” आक्कांनी विचारलं.

“काहीच नाही.”

“मग झालं की, वहिनी,” आक्का आईकडे वळून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई परात घेऊन सात नंबरात गेली आणि आक्का तवा घेऊन आमच्याकडे आल्या. तेव्हापासून रोजच. आमच्या भाकऱ्या साताच्या गॅसवर, त्यांच्या आमच्या. कुणाच्या घरात सुकट भाजली जातेय यावरून दोन्हीकडचे पुरुष थोडे दिवस कुरकुरले, मग जेवायला बसले.

महिन्याभरानं आक्कांचे दीर गावाहून आले आणि सातात जेवायला बसले. मी आईजवळ सातातच होते. त्यांनी कट्ट्यापाशी आईला बघितलं, कोण म्हणून विचारलं, आणि आडनाव कळल्यावर ताटाकडे नेलेला हात मागं घेतला. आईचा भाकरी थापणारा हात थांबला. मला पाचव्या खोलीतला तो मालक दिसला.

तेवढ्यात आक्का बारातून आल्या, हातात तवा तसाच.

“पावणं, मला त्या कट्ट्यावर वाकाय येत न्हाय. हितं खाल्लं तर हिच्या हातची भाकरी. न्हायतर बारात चला. तिथं माझ्या हातची मिळंल, पर घर हिचं हाय. बोला, कुठं वाढू?”

दिरांनी ताट पुढं ओढलं.

“हितंच वाढा,” म्हणाले.

तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी मागितली तेव्हा आई म्हणाली, “थांबा जरा, थापतीय,” आणि आता सातात बसायलाच ठेवलेला आमचा जुना पाट त्यांच्याकडे सरकवला. “तोवर ह्याच्यावर बसा.”